2147483647 मूळ आहे हे कसं ठरलं

2147483647 हा आकडा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा, 32 बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अधिक-उणे पूर्णांक ठेवतो त्या 32 बिटांच्या जागेत, मावणारी सगळ्यात मोठी संख्या. पण ती मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटर यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीच ठरलं होतं आणि तेही हाताने, हे मला अजूनही भारी वाटतं.

ही म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. अशी संख्या मूळ हवी तर घातांक मूळ लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही, 11 घेतला तर 2047 येतात आणि ते 23 गुणिले 89 निघतात. इटलीचा गणितज्ञ कातालदी, त्याने 17 आणि 19 हे घातांक नीट तपासले आणि 1603 मध्ये 23, 29, 31, 37 पण चालतात असं लिहून टाकलं. 1640 मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्माने 23 आणि 37 खोडले, 1738 मध्ये स्विस गणितज्ञ ऑइलरने 29 खोडला. राहिला एकटा 31. फ्रान्सच्या मर्सेनने 1644 मध्ये अशा घातांकांची यादी दिली, तिच्यातही तो होता, पण सिद्धता कोणाचीच नव्हती.

ती ऑइलरने 1772 मध्ये दिली, तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे 46340 पर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं. त्याने आधी विचार केला की भाग जाणारी संख्या दिसेल तरी कशी, तर तिला 62 ने, म्हणजे 31 च्या दुपटीने, भागल्यावर बाकी 1 उरायलाच हवी आणि 8 ने भागल्यावर 1 किंवा 7. दोन्ही अटी एकत्र केल्या की 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 एवढंच शिल्लक राहतं. मग पहिली मूळ संख्या येते थेट 311, तिने भागलं तर बाकी 35, आणि त्यानंतरची एकदम 1303! अशा करत तपासायच्या संख्या शंभरही राहत नाहीत, आणि भाग एकीनेही जात नाही.

1811 मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिलं की ह्या संख्येतून मिळणारी परिपूर्ण संख्याच (म्हणजे जिच्या स्वतःहून लहान भाजकांची बेरीज तीच येते अशी, जसं 6 = 1 + 2 + 3) कायमची सर्वात मोठी राहील, कारण ह्या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, मग पुढे शोधणार कोण. 1876 मध्ये फ्रेंच गणितज्ञ लूकासने 2 चा 127 वा घात वजा 1, म्हणजे 39 अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं आणि ते भाकीत गेलं. उपयोगाचं म्हणाल तर 1969 मध्ये आयबीएमच्या मशीनसाठी रँडम आकडे काढायची एक पद्धत आली, आधीच्या आकड्याला 16807 ने गुणायचं, 2147483647 ने भागायचं, उरलेली बाकी हा पुढचा आकडा. भाजक मूळ आहे आणि गुणक नीट निवडलेला आहे म्हणूनच 1 ते 2147483646 पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय पहिला आकडा परत येत नाही.