बेटकुळी (वजनाविना स्नायू आवळण्याचा व्यायाम)

बेटकुळी : कोपर दुमडून मूठ खांद्याकडे आणली आणि दंड आवळला की वर येणारा स्नायूचा उंचवटा. काही घरांत बेडकुळी किंवा बेडकीही म्हणतात, कारण कातडीखाली बेडूक दबा धरून बसल्यासारखा तो दिसतो. लॅटिनभाषकांना तिथे उंदीर दिसला. ‘लहान उंदीर’ या अर्थाच्या त्यांच्या शब्दातूनच अनेक युरोपीय भाषांतले स्नायूचे नाव आले. बेटकुळी काढणे हा मुलांचा खेळ आहे, शरीरसौष्ठव स्पर्धेतली कला आहे आणि हातात काहीही न घेता करायचा व्यायामही आहे. इथे मुख्यतः व्यायामाचा विचार केला आहे. जागा आणि वेळ दोन्हींची चणचण असलेल्या मुंबईत ‘लोकलमध्ये उभ्या उभ्या पोट आणि मांड्या आवळा, जिमला जायची गरज नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे.

दंडाच्या पुढचा स्नायू (बायसेप्स) कोपर दुमडतो, मागचा (ट्रायसेप्स) ते सरळ करतो. रिकाम्या हाताने दंड कडक करायचा तर या दोघांना एकमेकांविरुद्ध ओढावे लागते, नाहीतर मूठ खांद्यावर जाऊन आदळेल. म्हणजे एरवी डंबेलने करायचा विरोध इथे आपलाच दुसरा स्नायू करतो. स्नायूच्या तंतूंना मात्र हा विरोध कुठून आला ते कळत नाही. त्यांना ताण कळतो, आणि पुरेसा ताण पुरेसा वेळ मिळाला तर ते जाड होऊ लागतात.

याचा चांगला पुरावा २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मिळतो. प्रत्येकाच्या एका हाताने जड वजन उचलले, जे जास्तीत जास्त वजन जेमतेम एकदाच उचलता येईल त्याच्या ७० टक्के. दुसरा हात वजन न घेता, पण दंड जीव तोडून आवळत, तसाच दुमडला आणि सरळ केला. १८ सत्रांनंतर दोन्ही दंडांची जाडी जवळपास सारखीच वाढली. ताकद मोजली तेव्हा मात्र वजन उचलणारा हात स्पष्ट पुढे होता. आकार आणि ताकद या एकच गोष्टी नव्हेत, हे इतक्या सरळपणे दाखवणारे प्रयोग थोडे आहेत.

त्याआधी १९५३मध्ये जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी दिवसातून एकदा, कमाल जोराच्या दोन-तृतीयांश जोराने, अवघे सहा सेकंद ताण दिला तरी आठवड्याला सुमारे ५ टक्के ताकद वाढते असे मांडले होते. नंतरच्या अभ्यासकांना इतकी वाढ सहसा आढळली नाही. पण हालचाल न करता केलेल्या अशा व्यायामाने, म्हणजे आयसोमेट्रिक पद्धतीने, ताकद वाढते हे टिकून राहिले.

मग नुसत्या आवळण्याने काम का भागत नाही? ताकद हे बरेचसे मज्जासंस्थेचे कौशल्य आहे. गोणी उचलताना पाय, कंबर, पाठ आणि पकड यांनी एकमेकांशी जुळवून घ्यावे लागते आणि ते गोणी उचलूनच येते. एकाच कोनात आवळलेल्या स्नायूची ताकद मुख्यतः त्या कोनाच्या आसपासच वाढते. वजन सावकाश खाली आणताना, म्हणजे स्नायू लांबत असताना, त्याला जो ताण सोसावा लागतो तो स्थिर बेटकुळीत मुळीच नाही. पाठ आणि मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंना रिकाम्या आवळण्यातून पुरेसा विरोध मिळवणेही अवघड असते. हाडे मजबूत राहायला तर शरीराचे वजन आणि ओझे पेलावेच लागते. चाळिशीपुढच्या बायकांसाठी ही बाब बेटकुळीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

स्थिर राहूनही खरे ओझे पेलता येते, आणि मुंबईइतकी त्याची उदाहरणे क्वचितच कुठे सापडतील. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात (स्थापना १९२५) मल्लखांबावर तोल धरलेला मुलगा हलत नाही, पण त्याच्या हातांवर सगळे शरीर असते. दहीहंडीत खालच्या थरातला गोविंदा एकमेकांना घट्ट धरून नुसता उभा असतो, आणि वरच्या थरांचे वजन त्याच्या खांद्यांवर उतरते. गुरुपौर्णिमेपासून त्याचा सराव सुरू होतो तो त्याचसाठी.

शरीरसौष्ठवाच्या मंचावर बेटकुळीला वेगळे स्थान आहे. ज्याच्या नावावरून आपण बिनबाह्यांच्या बनियनला ‘सँडो’ म्हणतो, त्या युजेन सँडोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्नायूंच्या प्रदर्शनाला लोकप्रिय केले. १९०५च्या सुमारास तो भारतातही येऊन गेला. तो वजने उचलूनच मोठा झाला होता. आज ‘मुंबई श्री’साठी उतरणारे तरुणही वजनांचा व्यायाम करून मग आरशासमोर पोजचा सराव करतात. प्रत्येक पोज काही सेकंद धरून ठेवताना दम लागतो, घाम फुटतो. त्या मेहनतीला कमी लेखणे चूक ठरेल.

नुसत्या आवळण्याचा खरा उपयोग रुग्णाला होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच-दहा सेकंद दाबायला सांगतात, त्याने मांडीचा स्नायू जागा राहतो. पाय भार घेऊ लागला की वजनाची पट्टी आणि पायऱ्या येतात. रक्तदाबाबाबत दुहेरी चित्र आहे. श्वास कोंडून जोरात आवळले की दाब झटकन चढतो, म्हणून हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये. दुसरीकडे, २०२३मध्ये २७० चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखे थांबणे वगैरे आयसोमेट्रिक व्यायामांनी विश्रांतीतला रक्तदाब इतर व्यायामप्रकारांपेक्षा जास्त उतरल्याचे दिसले. तिथेही मांड्यांवर शरीराचे वजन असतेच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. दहा बाय बाराच्या खोलीत जोर आणि बैठका सहज मावतात, चाळीला जिने असतात, आणि अर्धी भरलेली बालदीही उचलण्याजोगे वजन आहे. ती सवयीची झाली की दर आठवड्याला आणखी एक-दोन तांबे पाणी घालायचे.