करवंटीचा कार्बन: प्लेटिंगच्या पाण्यासाठी घेण्याआधी हे वाचा

सांडपाणी साफ करायला आमचा कार्बन घेणाऱ्या प्लेटिंगवाल्यांचा, म्हणजे धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्यांचा, पहिला प्रश्न ठरलेला: आयोडीन नंबर किती? हजार म्हटलं की समाधान होतं. पण त्या नंबरावरून कार्बनला बारीक छिद्रं किती, एवढंच कळतं. निकेल तो किती धरेल, हे नाही. आम्हीही हे एका ग्राहकाच्या टाकीवरच शिकलो. माल ताजा, नंबर चांगला, आणि निकेल जसंच्या तसं पलीकडे. पाण्याचा पीएच होता ३, म्हणजे पाणी चांगलंच आम्ल.

करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेवर भाजला की त्याला छिद्रं पडतात; हाच आमचा कार्बन. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. धातू तिथे चिकटतो, पण आम्ल पाण्यात ती जागा हायड्रोजनने आधीच अडवलेली असते. म्हणून निकेल, तांब्यासाठी पीएच ५ ते ६ हवा. हेक्साव्हॅलंट क्रोमचं (क्रोमचं पिवळं, जास्त विषारी रूप) उलटं: ते २-३ वर चांगलं धरलं जातं. मात्र त्यातलं काही कार्बनवरच ट्रायव्हॅलंट (कमी विषारी, पिवळं नसलेलं रूप) होऊन पाण्याबरोबर निघून जातं. पिवळी झाक गेली म्हणजे क्रोम गेलं, असं समजू नका.

खरं सांगायचं तर कार्बन हे शेवटचं काम आहे. आधी मेटाबायसल्फाइट (हेक्साव्हॅलंट क्रोमचं ट्रायव्हॅलंट करायला), मग चुना (धातूचा गाळ करायला), गाळ बसू द्या, वाळूचा फिल्टर, आणि मग आमचा माल. थेट टाकलात तर आमचा खप वाढेल, तुमचा रिपोर्ट सुधारणार नाही. बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा लिटरला हेक्साव्हॅलंट क्रोम ०.१, एकूण क्रोम २ आणि निकेल ३ मिलिग्रॅम आहे.

नवा कार्बन रात्रभर भिजत घाला. छिद्रांतली हवा बुडबुडत निघत राहते. सकाळी काळं पाणी नितळ येईपर्यंत बॅकवॉश (खालून वर उलटं पाणी) द्या. आणि कार्बन भरलेल्या बंद टाकीत माणूस उतरवू नका. ओला कार्बन आतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, वरून काही कळत नाही.

वापरलेला कार्बन घातक कचरा ठरतो. तो भट्टीत जाळू नका, भंगारवाल्याला देऊ नका. तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पाकडे पाठवावा लागतो.

ऑर्डरआधी चालू लाइनमधलं पाच लिटर पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाठवा. कॅनवर पीएच आणि कोणता ब्राइटनर (मुलाम्याला चमक आणणारं रसायन) वापरता ते लिहा. कार्बनची छिद्रं आधी तो ब्राइटनरच भरून टाकतो.