खाजगी वनातली झाडतोड (ठाणे परिसर)

ठाण्यात जंगलाला लागून ज्याची जमीन आहे तो एक गोष्ट हमखास बोलतो, "सातबारा माझा, झाड मी लावलेलं, मग परवानगी कसली?" आणि तो अगदीच चुकत नाही, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम २५ प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतली झाडं त्याचीच असतात. पण झाड आपलं असणं वेगळं आणि त्यावर कुऱ्हाड चालवायची मुभा असणं वेगळं, सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

गावाकडे, म्हणजे शहापूर-मुरबाड साईडला, १९६४ चा झाडतोड कायदा लागतो. त्यात साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी झाडं दिलीयत, ती स्वतःच्या बांधावरची असली तरी अर्ज करावाच लागतो. याला बोलीत 'मालकी प्रकरण' म्हणतात. सातबारा जोडायचा, हद्द दाखवायची, मग वनरक्षक टेप घेऊन येतो, छातीच्या उंचीला घेर मोजतो, झाडाला नंबर टाकतो, तोडल्यावर लाकडावर हातोड्याचा ठसा आणि वाहतुकीसाठी पास. ठसा नसलेला ओंडका टेम्पोत सापडला की टेम्पोसकट जप्त, मग कोर्टाची तारीख पडेपर्यंत माल डेपोत पावसात सडत पडतो. मालक आदिवासी असेल तर त्याच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा आणखी एक कायदा आहे, व्यापाऱ्याने फसवू नये म्हणून. हेतू चांगला, पण फेऱ्या अजून वाढतात.

इथपर्यंतचं प्रकरण सोपं आहे. खरा गुंता होतो तो जमीनच 'खाजगी वन' निघाली की. भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम ३५(३) खाली १९५० च्या दशकात कितीतरी मालकांच्या नावाने, तुमच्या जंगलातल्या झाडतोडीवर निर्बंध का घालू नयेत, अशा नोटिसा निघाल्या, पुढे बऱ्याच ठिकाणी काहीच झालं नाही, कागद फाईलीत राहिले. मग ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा लागू झाला आणि त्यातल्या 'खाजगी वना'च्या व्याख्येत अशी नोटीस निघालेली जमीनसुद्धा घेतली होती, म्हणजे कायद्याच्या भाषेत ती त्याच दिवशी सरकारजमा! छोट्या मालकांना, १२ हेक्टरच्या आतल्यांना, परत मिळवायची सोय कलम २२-अ मध्ये आहे. बाकीचे शेती करत राहिले, विकत राहिले, वर बिल्डिंगापण झाल्या आणि बऱ्याच वर्षांनी कोणीतरी फेरफार बघतो तर इतर हक्कात वनाची नोंद. एकाच झाडासाठी मालक म्हणतो मी माझं तोडलं आणि वनखातं म्हणतं तू सरकारचं तोडलंस.

हा प्रश्न विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीवरून टोकाला गेला. २००८ ला हायकोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, मुलुंड-ठाण्याचे फ्लॅटवाले घाबरले, मग ३० जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. म्हणणं साधारण असं की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाच्या हातात पडायला हवी, आणि जवळपास ५० वर्षं पुढे काही केलंच नाही तर ती जिवंत कशी धरायची? त्यानंतर अशा केसमध्ये झाडापेक्षा पोचपावतीवरच जास्त वाद होतो.

दुसऱ्या बाजूला १२ डिसेंबर १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आहे. त्यानुसार 'वन' या शब्दाचा डिक्शनरीतला अर्थ घ्यायचा, मालक कोणीही असो, त्यामुळे नोटीस कच्ची निघाली म्हणून लगेच करवत चालवता येते असं कोणी समजू नये.

ठाण्यातल्या येऊरसारखी जागा तर महापालिका हद्दीतही येते आणि नॅशनल पार्कातही, तिथे वनखात्यासोबत १९७५ चा शहरी झाडांचा कायदा पण येतो, म्हणजे पालिकेचं वृक्ष प्राधिकरण. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज दर्जा दिलाय.

नवी मुंबईत हाच वाद खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत दिसतो. तिवरं (खारफुटीची झाडं) भरतीच्या पाण्याने आपोआप येतात, भात बंद झालेल्या खाजगी खाचरात बांध फुटला की काही वर्षांत दाट झाडी होते. मालक म्हणतो ही माझी शेती, पण १७ सप्टेंबर २०१८ च्या हायकोर्टाच्या निकालाप्रमाणे जमीन कोणाचीही असो, तिवरं तोडता येत नाहीत आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो.