अ‍ॅनाफिलॅक्सिस (आपत्कालीन निदान व उपचार)

अ‍ॅनाफिलॅक्सिस ही काही मिनिटांत सर्व शरीरभर पसरणारी आणि जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी होय. अन्नपदार्थ, औषधे आणि गांधीलमाशी किंवा मधमाशीचा दंश ही तिची नेहमीची कारणे. ऊतींमधील मास्ट पेशी या रोगप्रतिकारक पेशींमधून हिस्टामिन व इतर रसायने एकदम बाहेर पडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतील द्रव ऊतींमध्ये झिरपतो, श्वासनलिका आवळतात आणि घशाला सूज येते. पोर्तिए व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून तिचे वर्णन केले. रिशे यांना त्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान डोळ्यांनी, कानांनी आणि रक्तदाबाच्या यंत्राने करायचे असते; रक्ततपासणीसाठी थांबायचे नसते. अंगावर पित्त उठणे किंवा ओठ-जीभ सुजणे आणि जोडीला धाप, रक्तदाब उतरणे किंवा पोटात जोराच्या कळा व वारंवार उलट्या एवढे पुरेसे आहे. ज्याची अ‍ॅलर्जी आहे असा पदार्थ पोटात गेल्यावर नुसता रक्तदाब कोसळला, छातीत शिट्टी वाजू लागली किंवा आवाज घोगरा झाला, तरीही निदान तेच. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही आणि नेमके तेच नजरेतून निसटतात. इंजेक्शननंतर भोवळ येऊन पडलेल्या माणसाची नाडी बहुधा मंद व त्वचा फिकट असते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा जलद चालते. रक्तदाबाच्या एसीई-रोधक गोळ्यांमुळे येणाऱ्या सुजेत खाज किंवा पित्त नसते आणि ती अ‍ॅनाफिलॅक्सिसवरील मुख्य औषधाला, अ‍ॅड्रेनॅलिनला, फारशी दाद देत नाही.

पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिनच. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेले, पातळ न केलेले औषध मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर. आराम नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. दंडात त्वचेखाली दिलेले औषध रक्तात सावकाश उतरते. हीच अ‍ॅम्प्यूल घाईत शिरेतून सोडली, तर हृदयाची लय बिघडून रुग्ण दगावू शकतो. शिरेतून द्यायचे ते पातळ करून, पंपाने, मॉनिटर लावून आणि अनुभवी हातांनीच; तेही सहसा स्नायूतील दोन मात्रांनी भागले नाही तरच.

रुग्णाला उताणे निजवून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावे. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर ठेवावे. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला एकदम उभे करणे किंवा शौचालयापर्यंत चालवत नेणे घातक ठरते, कारण हृदयाकडे परतणारे रक्तच आटते. ऑक्सिजन द्यावा. रक्तदाब कमी असेल तर प्रौढाला ५०० ते १,००० मिलिलिटर सलाईन वेगाने चढवतात, मुलांना दर किलोला १० ते २० मिलिलिटर. बीटा-ब्लॉकर (अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारी, रक्तदाब व हृदयविकारावरची औषधे) घेणाऱ्यावर अ‍ॅड्रेनॅलिन लागू पडले नाही, तर ग्लुकागॉन हे संप्रेरक १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटांत हळूहळू. त्याने उलटी होते, म्हणून श्वासमार्ग सांभाळावा.

अँटिहिस्टामिनने खाज व पित्त ओसरते. घशाची सूज किंवा कोसळलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम काही तासांनी दिसतो. सलाईनची सुई लावून ही दोन इंजेक्शने आधी दिली की उपचार सुरू झाल्यासारखे वाटते आणि अ‍ॅड्रेनॅलिन मागे पडते. ही चूक जिवावर बेतते.

ट्रिप्टेजसाठीचा (मास्ट पेशींमधून बाहेर पडणाऱ्या विकरासाठीचा) रक्ताचा नमुना उपचार सुरू झाल्यावर घ्यावा: शक्यतो लक्षणांपासून दोन तासांत, फार तर चार तासांत, आणि तुलनेसाठी दुसरा २४ तासांनंतर. पातळी सामान्य आली, विशेषतः अन्नामुळे झालेल्या प्रकारात, म्हणून निदान खोडता येत नाही.

लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा उसळू शकतात. एकाच मात्रेने लवकर बरे वाटलेल्याला कमी वेळ, तर दोन मात्रा लागलेल्याला किमान सहा तास देखरेखीखाली ठेवतात. तीव्र दमा असलेला किंवा रात्री उशिरा आलेला रुग्ण असेल तर बारा तास किंवा अधिक. घरी सोडताना संशयित कारण कागदावर लिहून द्यावे, अ‍ॅड्रेनॅलिनचे स्वयंचलित इंजेक्शन स्वतः टोचून घ्यायला शिकवावे आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवावे.