विद्युत व ऊर्जा शिक्षण, शालेय (नाशिक परिसर)

विद्युतधारा, विभवांतर, रोध, शक्ती आणि ऊर्जा यांची शाळेत करून दिली जाणारी पहिली ओळख. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात सातवीला स्थितिक विद्युत येते, आठवीपासून धाराविद्युत आणि दहावीला विद्युतधारेचे परिणाम.

सुरुवात घट, कळ आणि छोट्या दिव्याच्या परिपथाने होते. इथेच सर्वांत चिवट गैरसमज मुळे धरतो: दिव्यात विद्युतधारा ‘खर्च’ होते, असे बहुतेक मुलांना वाटते. दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अमीटर (धारा मोजणारे उपकरण) जोडला, तर दोन्हींवर सारखेच वाचन येते. धारा जितकी आत जाते तितकीच बाहेर पडते. घटाने दिलेल्या ऊर्जेचे मात्र प्रकाशात आणि उष्णतेत रूपांतर होते. हा प्रयोग मुलांच्या हातून झाल्याशिवाय ओहमच्या नियमाची (विभवांतर, धारा आणि रोध यांचा संबंध) गणिते सुरू करू नयेत. नाहीतर सूत्र पाठ होते, पण धारा आणि ऊर्जा यांतला गोंधळ दहावीपर्यंत तसाच राहतो.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतील मुलांना मोटार किती एचपीची (अश्वशक्तीची), हे शाळेत यायच्या आधीच ठाऊक असते. शक्ती शिकवायला हा उत्तम धागा आहे. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. 5 एचपीची मोटार पूर्ण भाराने तासभर चालली, तर 3.73 किलोवॅट-तास इतके यांत्रिक कार्य होते. मोटारीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा धरली, की मीटर चार युनिटांच्या पुढे सरकतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात 36 लाख जूल, हे विजेच्या बिलावरून सहज पटते.

ऊर्जेच्या रूपांतरासाठी नाशिक रोडजवळचे एकलहरे औष्णिक वीज केंद्र समोरच आहे. तिथे 210 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशातील रासायनिक ऊर्जा वाफेत, वाफेची टर्बाइनच्या फिरण्यात आणि ती जनित्रात विजेत बदलते. अशा केंद्रात कोळशातील साधारण एक तृतीयांश ऊर्जाच विजेच्या रूपात हाती येते. उरलेली बहुतांश थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाते. इगतपुरीकडे वैतरणा नदीच्या पाण्यावर वीज तयार होते. तिथे ज्वलन नसते, म्हणून दोन्ही साखळ्या फळ्यावर शेजारी मांडाव्यात.

वर्गातील प्रयोग 1.5 व्होल्टच्या घटांवरच करतात. घरातील पुरवठा 230 व्होल्टचा, तर शेतातील थ्री फेज मोटारीचा सुमारे 415 व्होल्टचा असतो. ओल्या हाताने स्टार्टरला किंवा डीपीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच तासाला सांगावे लागते.