मेटिक्युलस म्हणजे आधी भित्रा

२०२४ च्या मार्चमध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक पेपर टाकला. विषय असा की एआयच्या मोठ्या परिषदांना जे रिसर्च पेपर येतात त्यांचे रिव्ह्यू लोक खरंच स्वतः लिहितात की चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. पकडणार कसं, तर त्यांनी सरळ शब्द मोजले. आयसीएलआर नावाच्या परिषदेच्या रिव्ह्यूंमध्ये कमेंडेबल हा शब्द जवळपास १० पट वाढलेला निघाला, इंट्रिकेट ११ पट, आणि मेटिक्युलस तब्बल ३४ पटींच्या वर. तेव्हापासून बिचाऱ्या मेटिक्युलसवर संशय आहे, कुणी ईमेलमध्ये मेटिक्युलस लिहिलं की समोरचा मनात म्हणतो, हे याने नाही लिहिलं.

पण हा शब्द बदनाम व्हायची ही पहिली वेळ नाही. आज अप्रेझलमध्ये बॉसने मेटिक्युलस लिहिलं तर आपण खूश होतो, की आपलं काम काटेकोर, बारीकसारीक गोष्टीही सुटत नाहीत. हेच चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुणी कुणाला म्हटलं असतं तर तो चिडला असता, कारण तेव्हा त्याचा अर्थ होता घाबरट.

मूळ लॅटिनमध्ये आहे. मेटुस म्हणजे भीती, त्यावरून मेटिक्युलोसुस, भीतीने भरलेला. लॅटिनमध्ये धोकादायक या अर्थी पेरिक्युलोसुस असा शब्द आधीच होता, त्याच्याच साच्यातून हा पाडला असं मानतात. तो सापडतो प्लाउटुस या रोमन नाटककाराकडे, म्हणजे साधारण २२०० वर्षांपूर्वी, आणि तोही तद्दन विनोदी नाटकांत. अँफिट्रुओ नावाच्या नाटकात सोसिया हा गुलाम रात्रीच्या अंधारात हातात कंदील घेऊन, धीर यावा म्हणून स्वतःशीच बडबडत घराकडे येतोय आणि दारात मर्क्युरी देव त्याचंच सोंग घेऊन उभा आहे, याला बदडून परत पाठवायला. त्याला येताना बघून मर्क्युरी म्हणतो की याच्याइतका मेटिक्युलोसुस दुसरा कोणी नाही. म्हणजे आपल्या भाषेत, काय भित्री भागूबाई आहे हा! दुसऱ्या एका नाटकात, मोस्टेलारियात, वाक्य आहे की न्यायाधीशासमोर जाणं किती मेटिक्युलोसा गोष्ट आहे तुला माहीत नाही. इथे भित्रा नाही, तर भीती वाटायला लावणारी असा अर्थ. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे रोममध्येही तसंच होतं तर.

इंग्रजीत हा शब्द आला १५३० च्या दशकात, अर्थ तोच, घाबरलेला, बुजरा. फार काही चालला नाही. त्याचा मला सगळ्यात आवडता वापर आहे सर थॉमस ब्राउन यांचा. हे नॉरिच गावातले डॉक्टर, १६८२ मध्ये गेले, आणि नवे शब्द घडवायची यांना भारी हौस, इलेक्ट्रिसिटी हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा यांच्याच लिखाणात सापडतो. त्यांच्या ख्रिश्चन मॉरल्स या पुस्तकात, जे ते गेल्यानंतर १७१६ मध्ये छापलं गेलं, एक उपदेश आहे: सर्कमस्पेक्टली चाला, मेटिक्युलसली नको. म्हणजे आजूबाजूला नीट बघून पाऊल टाका पण भीत भीत नको. आता हे वाक्य आजच्या अर्थाने वाचून बघा, काळजीपूर्वक चाला पण काळजीपूर्वक नको, असला काहीतरी घोळ होतो. आज जे दोन शब्द समानार्थी शब्दांच्या यादीत शेजारी शेजारी बसतात ते ब्राउनसाहेबांनी एकमेकांविरुद्ध उभे केले होते.

त्या काळानंतर शब्द जवळपास मेलाच. पुन्हा उठला तो १८२० च्या दशकात, आणि लॅटिनमधून नाही तर फ्रेंचमधून फिरून. फ्रेंचमध्ये मेतिक्युलो म्हणजे चूक होईल की काय या धास्तीने बारीकसारीक गोष्टींत अडकून पडणारा, म्हणजे भीती होतीच पण ती कामाकडे वळली होती. इंग्रजांनी तोच अर्थ उचलला, नको इतका काळजी घेणारा, थोडा टोमणाच. आणि मग हळूहळू टोमणा पुसला गेला, भीती गेली, नको इतका हे पण गेलं, उरलं फक्त कौतुक.

जुन्या मंडळींना हे अजिबात आवडलं नाही. इंग्रज कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या मॉडर्न इंग्लिश युसेज या, इंग्रजी कशी वापरावी हे सांगणाऱ्या पुस्तकात चक्क विचारलंय की या दुष्ट शब्दात अशी काय जादू आहे की ब्रिटिश पत्रकाराला तो आवरतच नाही. माणूस शाळेत लॅटिन-ग्रीक शिकवलेला, त्यामुळे मेटुस दिसला की त्यांना भीतीच दिसणार, आणि पेपरवाले आपले साध्या काळजीपूर्वकच्या जागी हा भारदस्त शब्द ठोकत सुटलेले. त्यांचं म्हणणं लॅटिनच्या हिशेबाने बरोबरच होतं पण शब्द व्युत्पत्तीच्या हिशेबाने थोडेच चालतात, लोकांनी ऐकलं नाही आणि आज एकही डिक्शनरी याला चूक म्हणत नाही. तरी गंमत वाटते की जास्त वापरला जातो ही तक्रार शंभर वर्षांपूर्वी पत्रकारांबद्दल होती आणि आता मशीनबद्दल आहे.

बरं, हे काही या एकाच शब्दाचं नाही. इंग्रजीतला साधा केअरफुल घ्या. जुन्या इंग्रजीत केअरचं जे रूप आहे त्याचा अर्थ दुःख, चिंता, आणि केअरफुल म्हणजे दुःखाने भरलेला. जर्मनमध्ये गुड फ्रायडेला कारफ्रायटाग म्हणतात, त्यातलं कार याच कुळातलं, शोक या अर्थाचं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये फिलिप्पैकरांच्या पत्रात बी केअरफुल फॉर नथिंग असं आहे. आजच्या माणसाला वाटेल हे पत्र लिहिणारा संत पौल सांगतोय की कशाचीही काळजी घेऊ नका, बिनधास्त राहा. खरा अर्थ कशाचीही चिंता करू नका, आणि मराठी बायबलमध्ये तिथे चिंतेचाच शब्द आहे. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये कारण आपली काळजी अजून दोन्हीकडे आहे, काळजी घे आणि काळजी करू नको ही दोन्ही वाक्यं आई एकाच फोनवर बोलते. इंग्रजीत केअरफुलमधली चिंता वाळून गेली, आपल्याकडे ओलीच आहे.

स्क्रुप्युलसची कथा तर अजून टोचणारी आहे, शब्दशः. लॅटिन स्क्रुप्युलुस म्हणजे अणकुचीदार बारीक खडा. इ.स.पू. ८० मध्ये रोमन वकील आणि वक्ता सिसेरो हा रोस्कियुस नावाच्या माणसाची बाजू मांडायला उभा राहिला, त्याच्यावर बापाच्या खुनाचा आरोप होता. सिसेरोने कोर्टाला सांगितलं की यामागे तेव्हाचा रोमचा सर्वेसर्वा सुल्ला याचा माणूस क्रिसोगोनुस आहे, ज्याने रोस्कियुसच्या बापाची ६० लाख सेस्टरसची (रोमन नाणी) इस्टेट फक्त २ हजारांत घशात घातली, आणि आता खरा वारस जिवंत असल्यामुळे क्रिसोगोनुसच्या मनात रात्रंदिवस एक खडा टोचतोय, तो तुम्ही काढून द्यावा अशी त्याची मागणी आहे. काय मारलाय! त्या खड्याला सिसेरोने वापरलेला शब्द हाच. पुढे मनाला टोचणारा तो खडा म्हणजे स्क्रुपल, आणि ज्याला सारखं टोचतं तो स्क्रुप्युलस. शिवाय खडा बारीक म्हणून तेच नाव एका वजनालाही पडलं, जुन्या इंग्रजी औषधवाल्यांच्या मापात २० ग्रेनचा एक स्क्रुपल, म्हणजे साधारण १.३ ग्रॅम, आणि असे ३ मिळून एक ड्रॅम.

म्हणजे बघा, एकात शोक, एकात खडा, एकात सरळ भीती. इंग्रजीत नीट काम करणाऱ्या माणसाचं कौतुक करायचे हे तिन्ही शब्द कुठल्या ना कुठल्या त्रासातून आलेत. आपल्याकडे काटेकोर म्हटलं की मला तरी आधी तराजूचा काटा दिसतो, घाबरलेला माणूस नाही. अर्थात आपल्याकडेही दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितोच, त्यामुळे फार फुशारकी नको.

माझं मत विचाराल तर फाउलर हरले ते ठीकच झालं पण ब्राउनसाहेबांनी केलेला फरक कामाचा होता. चूक होऊ नये म्हणून नीट बघणं वेगळं आणि चूक झाली तर आपलं काय होईल या धास्तीने तीच एक्सेल शीट चौथ्यांदा तपासणं वेगळं, ऑफिसात दोन्ही प्रकारचे लोक असतात आणि अप्रेझलमध्ये दोघांनाही मेटिक्युलसच मिळतं. इंग्रजीत या दुसऱ्या माणसासाठी आता वेगळा शब्द शोधावा लागतो. स्पॅनिशवाल्यांची मात्र सोय आहे, त्यांच्या रॉयल अकादमीच्या शब्दकोशात मेतिकुलोसोचा पहिला अर्थ अतिकाटेकोर असा दिलाय आणि दुसऱ्या क्रमांकावर अजूनही भित्रा आहे.