जुना पोशाख शिवायचा तर कापड कुठनं आणायचं? थोडी पार्श्वभूमी

जून जवळ आला की आमच्या पेठेत तालमीतली पोरं कपड्यांच्या मागं लागतात. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक सोहळा, मग जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहीम, आणि मर्दानी खेळाची प्रात्यक्षिकं तर वर्षभर चालूच असतात. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपनं ठरवलं की भाड्याची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे तयार कपडे, आणायची नाही, स्वतः कापड आणून मावळ्याचा पोशाख शिवायचा, जसा त्या काळी असेल तसा. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारात गेलो, अख्खा दिवस फिरलो. सॅटिन मिळालं, मखमलीसारखं दिसणारं पॉलिस्टर मिळालं, चकाकणाऱ्या लेसचे गठ्ठे मिळाले, पण हातानं कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं साधं जाडंभरडं कापड मागितलं की दुकानदारच विचारायचा, दादा, ते कशाला पाहिजे? तेव्हापासून जे वाचलं, बघितलं, जाणत्या माणसांना विचारलं ते इथं लिहितोय, कारण असं कापड न मिळण्यामागं पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या कोल्हापूर-इचलकरंजीतच घडलाय.

आधी पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं सांगतो कारण सगळं तिथंच अडतं. आज दुकानात ४४ इंची, ५८ इंची पन्हा सहज मिळतो. जुन्या खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर, विणकर एका हातानं धोटा (आडवं सूत नेणारी छोटी लाकडी होडी) फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, म्हणजे कापडाची रुंदी त्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेर जाणारच नाही. दोरीच्या झटक्यानं धोटा पळवायची युक्ती इंग्लंडात जॉन केनं १७३३ मध्ये काढली, पण आपल्याकडं ती सगळीकडं पोचायला विसावं शतक उजाडलं. तोवर अंगरखा असो, जामा असो, बाराबंदी असो, सगळं अरुंद पट्ट्यातनंच बेतायचं. जाम्याच्या (लांब, घेरदार अंगरख्याच्या) घेराला ज्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिरके तुकडे, असतात त्या नुसती फॅशन म्हणून आलेल्या नाहीत, अरुंद कापडातनं घेर काढायचा तर तिरक्या कळ्या कापून उलटसुलट जोडणं हाच मार्ग होता, त्यात कापडाची चिंधीपण वाया जायची नाही. काखेत चौकोनी तुकडा घातला की हात वर करताना कापड ओढलं जायचं नाही, दांडपट्टा फिरवणाऱ्याला विचारा त्याचं महत्त्व. आणि शिवणीत कापडाची मूळ किनार आली की तिथनं धागे सुटत नाहीत, आजच्यासारखं ओव्हरलॉक मारायची गरजच नाही. आम्ही पहिला अंगरखा ५८ इंची कापडाचा शिवला, टेलरनं घेर एका तुकड्यात गोल कापला, दिसायला बरा होता पण पडायचा वेगळाच, चालताना झोळ यायचा. चूक टेलरची नव्हतीच, कापडच दुसऱ्या काळातलं होतं.

आता सूत. शिवकाळात आपल्याकडचा कापूस देशी, आखूड धाग्याचा, टकळीवर नाहीतर चरख्यावर कातलेला, त्यामुळं सूत कुठं जाड कुठं बारीक. १८४० च्या दशकात धारवाडकडं अमेरिकन कापसाची लागवड सुरू केली, कारण लांब धागा गिरणीला सोयीचा. तरी स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत देशातला बहुतेक कापूस देशी वाणांचाच होता, नंतर मात्र चित्र उलटं होत गेलं आणि २००२ मध्ये बीटी कापूस आल्यावर देशी कापूस अगदी कोपऱ्यात गेला. म्हणजे आज तुम्ही हातमागाचं, हातानं कातलेलं खादीचं कापड घेतलं तरी त्यातला कापूस बहुधा त्या काळचा नसतोच. तरीपण माझ्या मते बंडी-अंगरख्याला सगळ्यात जवळचं तेच, फक्त घेताना हातसूत आहे का गिरणीचं सूत आहे हे विचारून घ्यावं आणि कापड उजेडात धरून बघावं. सूत सगळं एकसारखं दिसलं तर ते हातसूत नव्हे.

गिरण्यांचं म्हणाल तर मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी केली. पन्नास वर्षांनी, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं त्या उद्योगाला पाठबळ होतं. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात गिरणी काढली, तीच आपली शाहू मिल, जिच्या भोंग्यावर अर्ध्या गावानं घड्याळ लावलं. हजारो घरं या मागांवर जगली आणि जगतायत, त्याबद्दल वाईट बोलायला जीभ वळणार नाही. पण यंत्रमागाला एकसारखं, मजबूत, न तुटणारं सूत लागतं, पन्हा रुंद लागतो, आणि एकदा गावोगाव ते कापड स्वस्तात मिळायला लागल्यावर हातमागवाल्याकडं कोण जाणार? शाहू मिलसुद्धा २००३ ला बंद पडली.

रंगांचं प्रकरण तर मला सगळ्यात जास्त लागलं. १८५६ ला पर्किननं जांभळा कृत्रिम रंग काढला, मग १८६८ मध्ये मंजिष्ठा या वेलीच्या मुळातल्या लालाचा रासायनिक भाऊ जर्मनीत तयार झाला आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. चाळीसेक वर्षांत रंगाऱ्याच्या हौदाचं कामच गेलं. त्याआधी लाल यायचा मंजिष्ठेतनं, आल नावाच्या झाडाच्या मुळातनं, लाखेतनं. पिवळा हळदीतनं किंवा डाळिंबाच्या सालीतनं, काळपट रंग हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यातनं. कुसुंबी रंग करडईच्या फुलातला, दिसायला काय सुंदर, पण उन्हात नि धुण्यात उतरणारा, म्हणून तो सणासमारंभाचा. नीळ सोडली तर बहुतेक रंगांना आधी तुरटी नाहीतर हिरडा द्यावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. साधूबैराग्यांची छाटी गेरूत बुडवायचे, तो भगवा मातकट असतो, डोळ्याला थंड वाटतो. आज मिरवणुकीत जो ट्यूबलाइटसारखा चमकणारा केशरी दिसतो तसा रंग निघेल असं एकही झाड नाही, माती नाही.

मग आपल्या डोळ्यांना तोच रंग, तीच चकाकी ऐतिहासिक का वाटते? माझं मत सांगतो, हे आपल्या कोल्हापूरच्याच नाटक-सिनेमानं शिकवलंय. संगीत नाटकाच्या काळात रंगमंचावर उजेड कमी, मागच्या रांगेतल्या माणसाला राजा राजा वाटला पाहिजे, म्हणून मखमल आणि जर. आपल्या केशवराव भोसल्यांनी १९०८ ला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, तिकडं बालगंधर्व तर खऱ्या भरजरी शालू-पैठण्या नेसून उभे राहायचे. मग बाबूराव पेंटर आले. पडदे रंगवणारा हा माणूस, कॅमेरा स्वतः तयार केला, १९२३ ला सिंहगड काढला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल कापड पडद्यावर काळं यायचं आणि निळं पांढुरकं. म्हणजे कपडा निवडायचा तो फिल्मवर कसा उतरतो त्यावर, शिवकाळात कसा होता त्यावर नाही, आणि कलावंत म्हणून ते बरोबरच होतं. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच निघाली, पुढं भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत कितीतरी ऐतिहासिक चित्रपट केले. माझ्या आज्जीच्या पिढीनं महाराज बघितले ते त्या पडद्यावर. तिथनं ते रूप कॅलेंडरवर गेलं, कॅलेंडरवरनं शाळेच्या गॅदरिंगला, आणि ड्रेपरीच्या दुकानात अजून तेच टांगलेलं असतं, फक्त खऱ्या जरीच्या जागी प्लॅस्टिकची जर आली.

खरा पुरावा बघायचा तर सतराव्या शतकात दख्खनी शैलीत काढलेली महाराजांची चित्रं बघावीत, त्यातली काही आज ॲमस्टरडॅम, लंडन, पॅरिसच्या संग्रहांत आहेत. अंगावर लांब पातळ जामा, कमरेला शेला, डोक्याला बांधलेलं पागोटं, त्यावर तुरा. एकेकाळी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जायचं, इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांनी डचांकडचं चित्र शोधून पुढं आणलं तेव्हा ते थांबलं. पोशाखाच्या बाबतीत मात्र अजून तसं कोणी थांबवलेलं नाही.

पण ही झाली राजाची गोष्ट. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये, पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं बघायला मिळतात, ती बहुतेक राजघराण्यांची, सरदारांची. मावळ्याची बंडी कुठल्याच कपाटात नाही, कारण ती अंगावर विरेपर्यंत घातली आणि विरल्यावर वाकळेत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, गेली. हे डोक्यात आल्यावर मी आज्जीची एक फाटकी वाकळ तिला विचारून उसवली. आत वरनं खाली सहा थर. वरचे दोन टेरिकॉटचे, त्याखाली गिरणीचं धोतर, आणि अगदी तळाला इरकली (इलकलच्या) लुगड्याचा तुकडा, त्यात पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्यात एकेक वेढा अडकवून जोडलेला, इलकलचे विणकर अजून तसंच जोडतात. शेजारी खणाच्या चोळीची एक बाही. शिवकाळातलं काही नव्हतं त्यात, शंभर वर्षंपण झाली नसतील, पण हातमागाचं कापड बोटाला कसं लागतं ते मला तिथं कळलं. आज्जी म्हणाली, "आता बघून झालं असंल तर दोरा ओव आणि पयल्यासारखी शिवून दे." दिली शिवून, दोन रविवार गेले.

खणाबद्दल, म्हणजे चोळीच्या त्या नक्षीदार कापडाबद्दल, एक सावधगिरी. गुळेदगुड्ड्याचा हातमागाचा खण अजून मिळतो, पण बाजारात ड्रेससाठी मीटरवर मिळणारा खण बहुतेक यंत्रमागाचा आणि बऱ्याचदा पॉलिस्टरचा असतो. शंका आली तर कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख हातात चुरते, रेशीम नि लोकर जळक्या केसासारखी वास मारते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. दुकानदाराला आधी विचारावं मात्र.

एकच वस्तू आहे जी आपल्या जिल्ह्यात अजून जवळजवळ जुन्याच पद्धतीनं होते, ती म्हणजे घोंगडं. दख्खनी मेंढीची काळी लोकर, धनगराच्या घरी कातलेली, सनगराच्या (घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या माणसाच्या) खड्डामागावर विणलेली, वर चिंचोक्याची खळ, म्हणजे कांजी, देऊन कडक केलेली. रंग नाही, मिलचं सूत नाही. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, डोक्यावरची खोळ, सगळ्याला एकच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात ती काय उगीच नाही. पण तिथंही अडचण आहेच, दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत म्हणून भाव नाही, मेंढपाळ आता मटणासाठी दुसऱ्या जाती पाळायला लागलेत आणि मागावर बसणारी नवी पोरं नाहीत. बाजारात मऊ मशीनचं घोंगडं मिळतं, त्यात बाहेरची लोकर नाहीतर ॲक्रिलिक मिसळलेलं.

आम्ही पाच घोंगडी सांगितली एका मामांना. त्यांनी आधी विचारलं की पांघरायला पाहिजे का फोटोला. पांघरून पावसात पावनखिंडीला जायचंय म्हटल्यावर म्हणाले, "मग खळ जास्त देतो, आणि गडबड करू नका. लोकर कातरल्याबिगर सूत न्हाई, सुताबिगर घोंगडं न्हाई." तीन मिळाली, दोन अजून मागावर आहेत. खादीच्या बंड्या हातशिलाईनं झाल्या, बटणाच्या जागी बंद लावले. मुंडाशाचा लाल तेवढा राहिलाय, मंजिष्ठेत दोनदा उकळलं तरी विटकरीच येतोय, आता तुरटी वाढवून परत बघणार आहोत.